वारा न घालणारा पंखा

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे गेलात की घर दाखवण्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. स्वयंपाकघर, डेक, मुलांच्या खोल्या, देवघर, बेसमेंटमधलं होम थिएटर. ॲटिक मात्र कुणी दाखवत नाही. छप्पर आणि वरच्या मजल्याचं सीलिंग यांच्यामधली ती बुटकी, तिकोनी जागा, म्हणजे आपला माळा. तिथल्या अंधारात अनेक घरांमध्ये एक पंखा चोवीस तास, बाराही महिने फिरत असतो. तो कुणाला वारा घालत नाही. त्याची पाती दिसत नाहीत, कारण एका पांढऱ्या पाइपच्या मध्ये तो वरून-खालून बंद केलेला आहे. तो जे बाहेर फेकतो तेही दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. आणि ते असतं तरी किती? धोक्याची पातळी गाठलेल्या साध्या घरातलंसुद्धा सगळं गोळा करून तोललं, तर मिठाच्या एका कणाच्या दहा लाखाव्या भागाइतकंही भरत नाही.

एवढ्याशा ऐवजासाठी रात्रंदिवस पंखा?

त्या ऐवजाचं नाव रेडॉन. तिथे घर विकत घेताना वाळवी, गळती, छप्पर यांच्या तपासणीबरोबर रेडॉनचीही चाचणी करून घेतात. मुंबई-पुण्याहून गेलेल्या माणसाने हे नाव शाळेतल्या आवर्तसारणीनंतर बहुधा तिथेच पहिल्यांदा ऐकलेलं असतं. त्यात नवल नाही. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट हा युरेनियमच्या बाबतीत गरीब खडक, ग्रॅनाइटमध्ये ते त्याच्या कितीतरी पट असतं. शिवाय आपल्या बहुतेक घरांना तळघर नाही, आणि खिडक्या वर्षाचे बहुतेक दिवस उघड्या. पेनसिल्व्हेनियाचं सगळंच उलट. खाली युरेनियम बाळगणारे खडक, त्यांत खणलेलं बेसमेंट, आणि थंडीत चार-पाच महिने गच्च बंद केलेलं घर.

युरेनियमपासूनच सुरुवात करू. ते फक्त खाणीत असतं अशी आपली समजूत. प्रत्यक्षात पृथ्वीच्या कवचात सरासरी टनामागे दोन-तीन ग्रॅम युरेनियम सगळीकडे पसरलेलं आहे. ते घडलं सूर्य जन्मण्याच्याही आधी, कुठल्यातरी ताऱ्यांच्या विनाशात. त्याचं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या वयाइतकं. पृथ्वी घडली तेव्हा जितकं होतं, त्याचा साधारण अर्धा भाग अजून शिल्लक आहे आणि सावकाश फुटतो आहे. त्याचा एक अणू फुटला की थोरियम होतं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं, अशा चौदा पायऱ्या उतरून शेवटी शिशावर थांबतं. या उतरणीवरचे बाकीचे सगळे मुख्य मुक्कामी घन पदार्थ आहेत. जिथे जन्मले तिथेच, दगडात अडकून पडलेले. फक्त एकजण वायू आहे. रेडियम फुटून तयार होणारा रेडॉन.

आणि वायूही कसा, तर हेलियम-निऑनच्या घराण्यातला, कुणाशी संयोग न करणारा. त्यामुळे वाटेत त्याला कुणी धरून ठेवत नाही.

पण दगडाच्या कणातून तो बाहेर पडतो कसा? मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. रेडियमचा अणू फुटताना अल्फा कण एका बाजूला सुटतो आणि नवा जन्मलेला रेडॉनचा अणू उलट दिशेला फेकला जातो. जन्मताच बसलेला हा धक्का त्याला दगडात काही दशक नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाइतका, पुढे नेतो. बस, तेवढाच प्रवास. जो कणाच्या पृष्ठभागाला इतका चिकटून जन्मला तोच निसटतो, बाकीचे आतच संपतात. आता पुढची खुबी पाहा. माती अगदी कोरडी असेल तर निसटलेला अणू समोरच्या दुसऱ्या कणात जाऊन रुततो. माती थोडी दमट असेल तर दोन कणांमधला पाण्याचा पातळ थर त्याला थोपवतो आणि तो पोकळीत मोकळा राहतो. किंचित ओल्या मातीतून म्हणूनच जास्त रेडॉन सुटतो.

मोकळा झाला तरी त्याच्याकडे वेळ फार नाही. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवस. तेवढ्यात तो मातीत जेमतेम मीटर-दोन मीटर सरकतो. म्हणजे घरात शिरणारा रेडॉन पाताळातून वगैरे येत नाही. तो त्या घराच्या पायाखालीच, गेल्या आठवड्यात जन्मलेला असतो.

हा वायू हवेच्या साडेसातपट जड, तेव्हा तो बेसमेंटच्या तळाशी साचून राहत असेल, असं अनेकजण सांगतात. ऐकायला पटतं, पण आकडा पाहा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, उपाय करायला सांगितलेली पातळी आहे लिटरमागे ४ पिकोक्युरी (हे किरणोत्सार मोजण्याचं एकक). अशा एक लिटर हवेत रेडॉनचे अणू असतात सुमारे सत्तर हजार, आणि हवेचे रेणू २५ वर एकवीस शून्यं. म्हणजे दर पस्तीस कोटी अब्ज रेणूंमागे एक! एवढ्या गर्दीत एकट्याने तळाशी बसणं शक्यच नाही. हवा जाईल तिकडे तो जातो. हे लक्षात ठेवा, कारण माळ्यावरच्या पंख्याची सगळी युक्ती या एका गोष्टीवर उभी आहे. रेडॉनला पकडायचंच नाही, हवेची वाट बदलायची.

मग इतक्या विरळ वायूला घाबरायचं कशाला? गंमत म्हणजे खुद्द रेडॉन तसा निरुपद्रवी. आपण तो श्वासात घेतो आणि बराचसा तसाच सोडून देतो. घात करते ती त्याची पुढची पिढी. रेडॉन फुटला की पोलोनियम होतं, आणि ते वायू नाही. ते धुळीच्या कणांना चिकटतं, श्वासनलिकेच्या ओल्या अस्तराला चिकटतं आणि तीनएक मिनिटांत फुटतं. मग शिसं, बिस्मथ, आणि पुन्हा एक पोलोनियम, जे सेकंदाच्या सहा हजाराव्या भागात फुटून जातं. रेडॉन धरून तासा-दोन तासांत तीन अल्फा कण. अल्फा कण साध्या कागदानेही अडतो, आपल्या कातडीचा मेलेला वरचा थरही त्याला पुरतो. फुप्फुसाच्या आत मात्र मेलेला थर नाही. तिथे थेट जिवंत पेशी. अमेरिकेत दरवर्षी सुमारे २१,००० माणसं रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाने दगावतात, असा ईपीएचा अंदाज आहे. कारणांमध्ये सिगरेटच्या खालोखाल हेच.

(याच देशात, मोंटाना राज्यात, जुन्या खाणींमध्ये बसून मुद्दाम रेडॉन हुंगण्यासाठी लोक पैसे मोजतात. सांधेदुखी बरी होते म्हणे. माणूस हा रेडॉनइतकाच अजब प्राणी आहे.)

खाणकामगारांना फुप्फुसाचा कर्करोग होतो हे जर्मनीतल्या श्नेबेर्गच्या खाणींमुळे १८७९ पासून नोंदलेलं होतं. पण आपल्या दिवाणखान्यात हे घडू शकतं हे अमेरिकेला कळलं ते १९८४ च्या डिसेंबरात, आणि तेही उलट्या दिशेने. स्टॅन्ली वॉट्रस हा पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्राच्या बांधकामावरचा इंजिनिअर. कामगार किरणोत्सार अंगावर घेऊन बाहेर जाऊ नयेत म्हणून दारात यंत्रं बसवलेली. वॉट्रस गेला की यंत्र ठणाणा करायचं. केंद्र अजून वीजही बनवत नव्हतं, मग याच्या अंगावर हे आलं कुठून? शेवटी एके दिवशी तो आत काम न करता, आल्याआल्या त्या यंत्रातून गेला. यंत्र वाजलंच. माणूस अणुकेंद्रातून घरी काही नेत नव्हता, घरातून अणुकेंद्रात आणत होता! त्याच्या घरात रेडॉन मोजला तर लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी, म्हणजे उपाय करायच्या पातळीच्या जवळजवळ पावणेसातशे पट. कुटुंबाला घर सोडावं लागलं. काही महिन्यांनी मात्र ते त्याच घरात राहायला परत आले. जमीन तीच, खडक तोच. हवेची वाट तेवढी बदललेली.

तर ही वाट मुळात कशी असते?

हिवाळ्यातलं घर हे एक उभं यंत्र आहे. आतली हवा गरम, म्हणून हलकी. ती वर चढते आणि माळ्याच्या फटींतून, दिव्यांच्या भोकांतून निसटते. जेवढी वरून गेली तेवढी खालून आत यायलाच हवी. त्यातली काही येते बेसमेंटमधून, कोब्याच्या भेगांतून, भिंत आणि जमीन मिळते त्या सांध्यातून, पाण्याचे पाइप आत येतात तिथल्या फटीतून. म्हणजे घर चक्क जमीन ओढून पीत असतं. किती जोराने? चार-पाच पास्कल. हा दाब किती, हे पाहायचं तर टेबलावर पाच कोरे कागद एकावर एक ठेवा. त्या पाच कागदांचा भार टेबलाला जेवढा लागतो, तेवढाच. एवढ्याशा ओढीने एका कुटुंबाचं नशीब ठरावं, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

यावर पहिला उपाय सुचतो तो एक्झॉस्ट फॅनचा. बेसमेंटमध्ये लावा, घाण हवा बाहेर. आणि नेमका इथे घोटाळा होतो. बेसमेंटची हवा बाहेर ओढली की तिथला दाब आणखी उतरतो, घर जमिनीला आणखी जोराने ओढतं आणि रेडॉन वाढू शकतो. फक्त वरच्या मजल्याची खिडकी उघडली तरी तसंच होण्याची शक्यता, कारण गरम हवेला निसटायला आणखी मोठी वाट मिळते. भेगा बुजवणं हा दुसरा सुचणारा उपाय. बुजवाव्यात, त्याने मदत होते, पण नुसत्या बुजवून भागत नाही. ज्या फटीतून अणू जायचा आहे ती तुमच्या डोळ्याला दिसेलच असं नाही.

मग उपाय काय? एका शहाळ्यात दोन स्ट्रॉ घाला. एक लहान मुलाच्या तोंडात, दुसरी थोरल्या भावाच्या. भाऊ जोराने ओढू लागला की धाकट्याच्या स्ट्रॉमधून काही येईनासं होतं, इतकंच नाही तर त्याच्याच तोंडातली हवा उलट शहाळ्यात जाते. घर हा धाकटा. थोरल्याचं काम पंख्याने करायचं. कोब्याच्या खाली, मातीत, घराच्या ओढीपेक्षा थोडी जास्त ओढ निर्माण करायची. मग भेगा उघड्या राहिल्या तरी बिघडत नाही, कारण त्यांतून हवा आता वर न येता खाली जाते. रेडॉनला घराबाहेर काढायचंच नाही, कारण तो घरात शिरतच नाही.

प्रत्यक्षात हे काम पाहायला मजा येते. बेसमेंटच्या कोब्याला पाच-सहा इंचांचं भोक पाडतात. मग तो माणूस जमिनीवर पालथा पडतो, खांद्यापर्यंत हात आत घालतो आणि खालची खडी-माती मुठीमुठीने उपसून बादलीत टाकतो. हवेला सगळीकडून गोळा व्हायला तिथे एक पोकळी हवी ना! त्या भोकात तीन किंवा चार इंची पीव्हीसी पाइप उभा करतात आणि भोवतालची फट सील करतात. मग पाइप कपाटाच्या कोपऱ्यातून नाहीतर गॅरेजमधून वर चढवत माळ्यावर आणि तिथून छपराबाहेर. ओढ पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचली की नाही हे कसं कळणार? त्या कोपऱ्यात कोब्याला एक बारीक छिद्र पाडून त्यावर धुराची कांडी धरतात. धुराची रेघ एक क्षण घुटमळते आणि मग वळून सरळ जमिनीत शिरते. हवेची वाट बदलली, हे डोळ्यांना दिसण्याची सबंध कामातली ही एकच वेळ.

अनेक नव्या घरांत बिल्डर खडीपासून छपरापर्यंतचा पाइप आधीच टाकून ठेवतो, पंख्याविना. घराच्या उबेने पाइपातली हवाही गरम होते आणि आपोआप वर चढते. म्हणजे घराचीच युक्ती घरावर उलटवलेली! काही ठिकाणी एवढ्याने भागतं. नाही भागलं, चाचणीत आकडा चारच्या वर आला, तर माळ्यावर पंखा चढतो.

पण माळ्यावरच का? बेसमेंटमध्ये बसवला तर दुरुस्तीला किती सोयीचा! इथे जरा थांबून विचार करा. पंख्याच्या खालच्या पाइपात ओढ असते. तिथे चीर पडली तर घरातली हवा पाइपात जाईल, बिघडणार काही नाही. पंख्याच्या वरच्या पाइपात मात्र दाब असतो. तिथे चीर पडली तर मातीतली, रेडॉनने भरलेली हवा बाहेर फवारली जाईल. पंखा बेसमेंटमध्ये असेल तर ही फवारणी थेट झोपायच्या खोल्यांत. म्हणून नियम कडक आहे. पंख्यापासून पुढे पाइपाचा एक इंचही राहत्या भागातून जाता कामा नये. म्हणूनच पंखा बहुधा घराच्या बाहेर, नाहीतर माळ्यावर.

माळ्यावर काम करणं म्हणजे कसरत. जमिनीवर फायबरग्लासचा जाड थर पसरलेला, त्याखाली लाकडी तुळया लपलेल्या. पाय तुळईवरच पडला पाहिजे, चुकला तर खालच्या खोलीच्या सीलिंगमधून तंगडी बाहेर. अशा जागी वाकून पाइपचा एक उभा, सरळ तुकडा पंख्याच्या मापाने कापून काढायचा. खाली एक रबरी जोड, वर एक, मध्ये पंखा, आणि चारी बाजूंनी स्टीलचे पट्टे आवळायचे. रबर का? एकतर पंख्याची थरथर पाइपातून भिंतीत आणि भिंतीतून उशीपर्यंत पोहोचू नये म्हणून. दुसरं, काही वर्षांनी मोटर गेली की पट्टे सैल करून पंखा बदलता यावा म्हणून. विजेचं काम इलेक्ट्रिशियनने करायचं.

पंखा उभाच बसवायचा, आडवा नाही. यामागचं कारण फार सुरेख आहे. मातीतली हवा दमट असते, पाइप गार माळ्यावर आला की त्या हवेचं पाणी होतं. पंखा उभा असेल तर ते थेंब आल्या वाटेने ओघळत परत मातीत जातात. आडवा असेल तर पंख्याच्या पोटात तळं साचतं आणि मोटर मरते. याच कारणाने माळ्यावरच्या पाइपाला गुंडाळी घालतात, नाहीतर कडक थंडीत आत बर्फ धरू शकतो. छपराबाहेरचं तोंड जमिनीपासून निदान दहा फूट उंच आणि खिडक्यांपासून लांब.

एवढं झाल्यावर हा पंखा वीज किती खातो? अनेक पंखे जुन्या साठ वॉटच्या पिवळ्या बल्बाइतकी किंवा थोडी इकडे-तिकडे. तेवढ्यात तो पाइपाच्या तोंडाशी दोनशेएक पास्कलची ओढ निर्माण करतो, घराच्या ओढीच्या पन्नासएक पट. खडी आणि मातीतून पसरता पसरता दूरच्या कोपऱ्यात ती काही पास्कलवर येते. तिथेही घराच्या ओढीपेक्षा ती सरस ठरली की झालं.

बेसमेंटमधल्या पाइपावर यू आकाराची एक छोटी नळी लावतात, त्यात रंगीत तेल. एक टोक पाइपात, दुसरं खोलीत उघडं. पंखा चालू असेल तर एका बाजूचं तेल वर, दुसऱ्या बाजूचं खाली. दोन्ही बाजू समान दिसल्या तर पंखा बंद पडला आहे, आणि घराने जमीन प्यायला पुन्हा सुरुवात केली आहे. मात्र तेल खाली-वर असणं म्हणजे रेडॉन उतरला असं नव्हे. ते फक्त ओढ सांगतं. रेडॉनसाठी पुन्हा चाचणी करावीच लागते, दारं-खिडक्या बंद ठेवून. लांब मुदतीच्या चाचणीत डबीमध्ये प्लास्टिकचा एक बारकासा तुकडा असतो. हवेत सुटलेला अल्फा कण त्यावर आदळला की त्याच्या अदृश्य वाटेची जखम प्लास्टिकमध्ये राहते. प्रयोगशाळेत रसायनाने ती जखम रुंद करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक खड्डा मोजतात. एकट्या अणूच्या मृत्यूची मोजदाद, आणि तीही प्लास्टिकच्या तुकड्यावर!

छपरावरून बाहेर गेलेल्या रेडॉनचं पुढे काय होतं, ते शेजाऱ्याच्या डोक्यावर नाही का पडत? वर निघाला की तो मोकळ्या हवेत क्षणात पांगतो, आणि भोवतालची सारी जमीन तसाही रेडॉन सोडतच असते. चार दिवसांत त्यातला अर्धा संपतो. मागे राहतात पोलोनियम, बिस्मथ, शिसं. ही मंडळी धुळीला चिकटून हवेत तरंगतात आणि पावसाबरोबर खाली येतात, म्हणून चांगली सर कोसळली की जमिनीवरच्या संवेदनशील यंत्रांमध्ये किरणोत्साराचा आकडा थोडा वेळ चक्क वर चढतो. या वंशावळीतल्या शिसे-२१० चं अर्धायुष्य बावीस वर्षं. ते तलावांच्या तळाशी गाळात थराथराने बसत जातं, आणि प्रत्येक थरात ते किती उरलं आहे हे मोजून भूशास्त्रज्ञ गेल्या शंभरेक वर्षांतला कुठला गाळ कोणत्या साली बसला, ते सांगतात.